एक वाक्य स्वतःचं

३ नोव्हेंबर, सोमवार

इंग्रजीच्या क्लासमध्ये डब्यातून नवीन चिठ्ठी निघाली. अ‍ॅगनी. नाजनीन मॅडमनं फळ्यावर लिहिलं, खाली मराठीत अर्थ: असह्य वेदना. बोरकरभाऊ म्हणे, डोकं दुखते तेवढी काय? मॅडम म्हणे, त्याच्याहून पुष्कळ वर.

पद्धत तीच. शब्द सगळ्याईच्या तोंडी बसेपर्यंत फळ्यावरून पुसायचा नाई. प्रत्येकानं तीन वाक्यं आणायची. एक घरचं, एक बाजाराचं, एक स्वतःचं. मागचा शब्द अर्जंट होता, तो बोरकरभाऊनं आपल्या कृषी केंद्राच्या पाटीवरच लिहून टाकला. पन्नाशीच्या माणसाले शिकायचा एवढा सोस म्या कुठी पाह्यला नाई. आजचं त्याईचं वाक्य: युरिया इज नॉट कमिंग, आय अ‍ॅम इन अ‍ॅगनी. सगळे हसले. मी बी हसली.

माहं घरचं: मिक्सर बिघडला, आईले अ‍ॅगनी. बाजाराचं: कुरखेड्याच्या बसमध्ये उभं राहणं म्हणजे अ‍ॅगनी. स्वतःचं: मच्छर. मॅडमनं चष्म्यावरून पाह्यलं.

येताना गार वारा. गुडघ्यात कणकण. बाटलीभर पाणी पिऊन घेतलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पक्कं झालं. रविवारी माह्या लहान बहिणीले, पिंकीले, पाहाले येऊन राह्यले. तुळशीचं लग्न लागलं नाई तर बाबाले दम निघेना. पाहुणे वरोऱ्याकडचे, कापूस-सोयाबीनवाले. पोरगा नीलेश, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. घरी आई, बाप अन् तो. एक बहीण, तिचं लग्न झालं. पिंकीची अन् त्याची ओळख मोठ्या मावशीच्या घरच्या लग्नातली. तेव्हापासून फोन चालू आहे. आईले माहीत नाई असं पिंकी समजते. आईले सगळं माहीत आहे.

माह्यासाठी आईचा हुकूम: शीतल, रविवारी तू मावशीकडे जाजो.

कारण कोणी सांगतलं नाई, म्या विचारलं नाई. मले सिकलसेल आहे, रक्ताचा जन्माचा आजार. घरात हा शब्द काढत नाई. आमच्या घरी त्याले वात म्हणतात. दुखणं आलं की आई टीव्ही मोठा करते, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. शेजारच्या काकूले वाटते आम्ही मालिकांचे भल्ले शौकीन. मी ओढणी तोंडात धरते. लहानपणापासून हेच शिकली. आता तर दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, किती दुखते, तरी तोंडातून थोडंच निघते. मग डॉक्टर थोड्याचीच गोळी देते. त्याचा काय दोष.

क्लासले गेली नाई. धान कापून शेतात बांधीत पडलं आहे, आई-बाबा दिवसभर तिकडे. वाघाच्या भेवानं चार वाजताच परत येतात. स्वयंपाक माह्याकडे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोरकरभाऊ अ‍ॅगनीवर फिदा आहेत. बायकोची कारल्याची भाजी, अ‍ॅगनी. पंपाचा मीटर, अ‍ॅगनी. जावयाचा फोन, अ‍ॅगनी. तलाठी ऑफिसमधली एक मुलगी म्हणे, माझी साडी पिन टोचते, इट इज अ‍ॅगनी. कोणाच्या तोंडून तो शब्द निघाला की मले उगीच इकडेतिकडे पाहावं वाटते. रागही येत नाई. मोठं भगोणं घेऊन कोणी वाटीभर चहा करावा, तसं वाटते.

माहं वाचून झाल्यावर मॅडम म्हणे, शीतल, घरचं मस्त, बाजाराचं मस्त. तुहं स्वतःचं वाक्य मात्र नेहमी दुसऱ्याचंच असते गं.

म्या म्हटलं, माहं काही विशेष नसते मॅडम.

त्या म्हणे, विशेष कोण मागते? सच मागते मी.

मॅडम चांगल्या आहेत. खाली त्याईच्या भावाचं बांगड्याचं दुकान, वर हा क्लास. मले बसून करायचं काम पाहिजे, शेतात माहं आंग टिकत नाई. घरून फोनवर बोलायची नोकरी मिळते म्हणतात, त्याले इंग्रजी लागते. म्हणून येते. सच सांगाले नाई येत.

८ नोव्हेंबर, शनिवार

मावशीकडे जाणं झालं नाई. दुपारपासून मांडीत सुरू झालं. बस तर दूरच, मोरीपर्यंत जाता येत नाई. आईनं कपाळावर हात मारून घेतला. आजच यायचं होतं काय म्हणे. मले हसू आलं. जसं मीच त्याले आवतण धाडलं.

उद्या मागच्या खोलीत राहायचं, पिंकी बाहेरून कडी लावणार. शीतल मावशीकडे गेली असं सांगायचं. पिंकी माह्या उशाशी पाण्याची कळशी ठेवून गेली.

टीव्ही मोठा.

१० नोव्हेंबर, सोमवार

कालचं आज लिहून राह्यली. काल हात चालत नव्हता.

पाहुणे अकराच्या सुमारास आले. गाडीचा आवाज, मग बाबाचा आवाज, मग चहाच्या कपाचा आवाज. मी खाटेवर, ओढणी तोंडात. पाहुणे बसले असताना टीव्ही कसा मोठा करणार? त्यामुळे मलेच जास्त सांभाळावं लागलं. पिंकीचं पोह्याचं ताट गेलं, प्रश्न झाले, हसणं झालं. नीलेशचा आवाज चांगला आहे. घाई नाई त्याच्या बोलण्यात.

मग त्याची आई घर पाहाले उठली. तशी रीतच आहे. बायका चूल पाहतात, विहीर पाहतात, कोठी पाहतात. आमची आई मागंमागं. कडी लावायची पिंकीच्या डोक्यातून गेली होती, की तिनं लावलीच नाई, देव जाणे. दार लोटलं अन् त्या आत.

आई पटकन म्हणे, मोठी आहे, थोडा वात आहे तिले, आताच आली मावशीकडून.

मले वाटलं आता हळहळतील अन् बाहेर जातील. त्या खाटेवर बसल्या. अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून पाह्यली. मग पायाखालची चादर काढून तिची वळकटी केली अन् गुडघ्याखाली सरकवली. तेवढ्यानंच जीव अर्धा हलका झाला. आई तेलाची बाटली घेऊन आली, तर म्हणे, चोळू नका बाई, चोळल्यानं वाढते. मीठ तापवा, फडक्यात बांधा, अन् पाणी कोमट करून आणा, थंड नको. मग माही मान उचलून घोट घोट पाणी पाजत बसल्या. जबरदस्ती नाई. एक घोट झाला की थांबायचं, पुन्हा एक. पोटली आधी आपल्या गालाले लावून पाह्यली, मग माह्या मांडीले.

हे सगळं मले दवाखान्यातल्या ताईनं मोठेपणी शिकवलं. आईले आजवर जमलं नाई. या बाईले कोणी शिकवलं?

म्या तोंडातली ओढणी काढली. पाहत राह्यली त्याईच्याकडे. त्याईनं नजर चुकवली नाई. पोटली फिरवत हळूच म्हणाल्या:

"माह्या मोठ्याले अशीच शेक देत होती मी."

मोठा म्हणजे कोण? आम्हाले तर नीलेशच एकुलता पोरगा सांगतला होता. आईनं ते ऐकलं नाई, ती चुलीकडे होती. मग पदरानं हात पुसून त्या उठल्या. जाताना माह्या केसावरून हात फिरवला. बाहेर जाऊन सगळ्याईले म्हणे, घर छान आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुखणं उतरलं. वरणभात खाल्ला.

वरोऱ्याहून फोन आला. पसंत आहे म्हणे. बाबा अंगणात चकरा मारत सगळ्या गावाले फोन लावून राह्यले. आईनं पेढे आणाले पाठवलं. पिंकी माह्याकडे पाहून हसली अन् लगेच खाली मान.

मी हिशेब लावून राह्यली. पिंकीच्या रक्तात सिकलसेल अर्धं आहे. तिले काही होत नाई, तिच्यापासून पुढं जाऊ शकते. कॉलेजच्या शिबिरात तपासलं तेव्हा निघालं. गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं तेव्हाच घरी येऊन बजावलं होतं: पोराचंही रक्त तपासूनच लग्न करजो, दोघंही अर्धे निघाले तर लेकराले पूर्ण होऊ शकते. बाबानं तिले चहा पाजला अन् म्हटलं, आमच्यात असं काही नाई.

अन् त्या बाईचा मोठा मुलगा. त्याले बी हेच असंल. तिले कळलं नसंल असं होऊच शकत नाई. पापणी ओढून पाह्यली तिनं. तरी पसंत म्हणे. आम्ही माहं दुखणं लपवलं, त्याईनं आख्खं लेकरू लपवलं. जोडी बरोबर जमली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

क्लासले दांडी. आईले सांगतलं, जे ऐकलं ते. आई भांडे घासत होती. थांबली नाई. म्हणे, त्या बाईचं काहीतरी वेगळं असंल, दुनियेत काय एकच वात असते? म्या म्हटलं, नुसतं रक्त तपासू, त्यात काय जाते.

तेव्हा बोलली.

"तुहं नाई झालं, आता तिचं बी नाई होऊ द्यायचं काय तुले?"

तोंडून निघालं अन् तिलेच कसंतरी झालं. भगोणं तसंच टाकून धानाकडे निघून गेली. मनाले लागलं. लिहिताना बी लागून राह्यलं. आईवर राग धरता येत नाई हीच पंचाईत. माह्यासाठी तिनं किती रात्री टीव्हीसमोर बसून काढल्या, एकही मालिका तिले आठवत नसंल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पिंकीले सांगतलं. मागं, वैरणीच्या ढिगाजवळ. तिनं सगळं ऐकून घेतलं. वाटलं होतं रडेल. ती काडीनं जमीन उकरत बसली. नीलेशनं भावाचं कधी सांगतलं नाई म्हणे. एकदा फोनवर घरात कोणाचा फोटो आहे असं बोलला अन् विषय बदलला.

मग मान वर केली.

"ताई, तुले किती दुखते? थोडं म्हणशील तर मी इथूनच उठून जाईन."

माही पंचाईत तिले कळली नसंल. थोडं म्हटलं तर ती डोळे मिटून लग्न करते. खरं सांगतलं, तर त्याचा अर्थ माह्यासारखं लेकरू येऊच नये असा होतो. म्हणजे मीच माह्या तोंडानं मले नको म्हणायचं. असा प्रश्न कोणाले कोणी टाकू नये. पण तिनं दुसऱ्या कोणाले विचारावा?

म्या म्हटलं, उद्या सांगते. ती म्हणे, बरं. अन् खरंच उठून गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी क्लास. फळ्यावर अजून तोच शब्द. बोरकरभाऊंचं पुन्हा मीटरचं वाक्य, या वेळी पास्ट टेन्समध्ये. माही पाळी आली. म्या वाक्य आणलंच नव्हतं. मॅडम म्हणे, आत्ता बनव.

काय झालं माहीत नाई. उभी राहून म्हटलं: माय सिस्टर आस्क्ड मी अबाउट माय अ‍ॅगनी. आय विल टेल हर टुडे.

बोरकरभाऊनं सरळ विचारलं, कायची गं पोरी? म्या म्हटलं, सिकलसेल. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकाईत तोंडातून काढला तो शब्द. वाटलं होतं छप्पर पडंल. खाली बांगड्या मोजायचा आवाज येत होता, तो तसाच चालू. मॅडम म्हणे, वाक्य बरोबर आहे, बस. मग हळूच माह्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

संध्याकाळपर्यंत गावात पोचंल. बोरकरभाऊ भला माणूस, पण दुकानात बसते.

दुपारी पिंकीले सांगतलं. दाढ दुखते ना, तशी दाढ प्रत्येक हाडात. सरकत जाते, सोडत नाई. कूस बदलली की जीव जाते, नाई बदलली तरी जाते. त्या वेळी कोणी जवळ असलं की त्याचा श्वासही टोचते. सगळं सांगतलं. दहावीचा पेपर ओढणी चावत लिहिला ते बी. ती म्हणे, मले वाटे तू झोपून राहते. आता रडली. मी नाई. मले मोकळं वाटून राह्यलं होतं, खरं सांगायचं तर भूक लागली होती.

मग तिनं विचारलंच. मग आईनं तुले जन्म द्याले नको होता काय?

"ते मले नको विचारू. मी आहे ना इथी."

दोघी मिळून कालच्या भाकरी चटणीसंगं खाल्ल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिंकीनं नीलेशले फोन केला. माह्यासमोरच, स्पीकरवर. आपलं अर्ध्याचं सांगतलं, माहं सांगतलं, मग भावाचं विचारलं. तो म्हणे, दादा अंगणात खाटेवर असायचा, एवढंच आठवते. तो गेला तेव्हा मी बालवाडीत. आई त्याचं नावही काढू देत नाई. लोक माह्याशी सोयरिक करणार नाई म्हणून.

पिंकी म्हणे, मले तू पाहिजे. पण डोळे उघडे ठेवून पाहिजे. तपास कर.

वा गं पोट्टे. मले वाटे हिले फक्त मेंदी काढता येते.

बाबाले कळलं. जेवले नाई. गावातून बी कळलंच होतं, बोरकरभाऊच्या दुकानातून. बाबा म्हणे, एवढे वर्ष झाकलं, तुम्ही दोघींनी आठवड्यात उघडं केलं. शेजारच्या काकूनं दुपारी येऊन माह्या उशाशी पेरू ठेवले. म्हणे, मले वाटेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नीलेशच्या आईचा फोन. आईच्या मोबाइलवर आला, पण म्हणे शीतलले द्या. आधी विचारलं, पाय कसा आहे? म्या म्हटलं, बरा आहे. मग म्हणाल्या:

"मी तुले पाहूनच ओळखलं होतं. घरी येऊन पसंत म्हणून टाकलं. वाटलं, तूही नाई बोलणार."

राग यायले पाहिजे होता, आला नाई. वळकटी आठवत होती गुडघ्याखालची. म्या विचारलं, त्याचं नाव काय होतं? त्या म्हणे, सुमित. मग सांगत बसल्या. त्याले आमरस आवडे, अंगावर चादर सहन होत नसे, बाप पिठाची गिरणी चालवायचा तर दुखणं आलं की गिरणी चालू करायचा, दळण असो नसो. गिरणीचा आवाज मोठा असते ना, म्हणे.

त्याईच्याकडे गिरणी, आमच्याकडे टीव्ही. फोन आईले परत दिला. आई तो कानाले लावून अंगणात गेली, भल्ला वेळ आली नाई.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नीलेशनं रक्त दिलं. त्याच्या आईनं बी दिलं, तिनं स्वतःहून. रिपोर्ट सोमवारी. पिंकीनं आशाताईले विचारून घेतलं. दोघंही अर्धे निघाले तरी रस्ते आहेत, पोटात असतानाच तपासता येते, पण आधीच ठरवून ठेवावं लागते की काय करायचं. पिंकी म्हणे, ते आम्ही दोघं ठरवू. बाबा म्हणे, लग्न मोडलं समजा. नीलेश रोज फोन करते, पूर्वीसारखाच. काय होईल, कोणी सांगू शकत नाई. मले मनातून वाटते रिपोर्ट चांगला यावा. पिंकीसाठी वाटते. अन् माह्यासाठी बी, कारण वाईट आला तर ते दोघं जो काही निर्णय घेतील, त्यात कुठीतरी मी असणारच.

काल क्लासमध्ये मॅडमनं अ‍ॅगनी पुसला. नवीन चिठ्ठी: रिलीफ, म्हणजे आराम. बोरकरभाऊ खुश. मीटर दुरुस्त झाला त्याईचा.

आज गारठा वाढला. दुपारी जेवताना उजव्या गुडघ्यातून सुरू झालं. ताट सरकवलं. पिंकीनं माह्याकडे पाह्यलं. म्या आईले म्हटलं, आई, दुखून राह्यलं. थोडं नाई. खूप.

आई उठली. टीव्हीकडे गेली. सुरूच होता, बाबाच्या बातम्या. तिनं तो बंद केला अन् मीठ तापवाले चुलीकडे गेली.